शालिकराम वस्तादांची मालीश

मुलाचा गुडघा सुजला की आपण काय करतो? तेलाची वाटी गरम करतो आणि चोळायला बसतो. नागपूरच्या शालिकराम वस्तादांनीही तेच केलं, फक्त आपल्यापेक्षा जास्त मनापासून. तरुणपणी त्यांनी कुस्त्यांचे फड गाजवले होते, पुढे तालमीत पोरं घडवली. लचकलेली कंबर, मुरगळलेला खांदा घेऊन लोक लांबून त्यांच्याकडे यायचे. मालीश लागू पडत नाही असा सांधाच देवाने केलेला नाही, असं ते छातीठोकपणे सांगत.

त्यांचा एकुलता मुलगा गोविंदा. चार वर्षांचा असल्यापासून त्याचा गुडघा अधूनमधून टम्म फुगायचा. पडायला नको, आपटायला नको. वस्ताद तालमीतून आले की गरम विटेने शेकायचे आणि तिळाचं तेल लावून तासभर रगडायचे. पोरगं ओठ चावून पडून राही. बापाचा त्याच्यावर जीव होता, यात तिळमात्र शंका नाही. पण सूज महिना महिना उतरत नसे, आणि सोळाव्या वर्षी तो पाय गुडघ्यात वाकला तो वाकलाच. आता पंचविशीतला गोविंदा काठी टेकत सीताबर्डीवरच्या एका दुकानात रेडिओ दुरुस्तीला जात होता.

१९७८ साली त्याची दाढ काढली आणि चार दिवस रक्त थांबेना. तेव्हा कुठे इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, हिमोफिलिया. याचं रक्त नीट गोठतच नाही. गुडघा सुजतो तो आतल्या आत रक्त साचून, आणि शेकलं, चोळलं की ते आणखी वाहतं. अशा वेळी पाय हलवायचा नाही, गार पट्ट्या ठेवायच्या आणि तडक इस्पितळ गाठायचं. तिथे प्लाझ्मा, म्हणजे दुसऱ्याच्या रक्तातला पातळ भाग, चढवतात, मिळाला तर. मुळातून बरं करणारं औषध नाही. हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला काही होत नाही आणि तिचा त्यात काही दोषही नसतो. वस्तादांना आपल्या मरून गेलेल्या बायकोचे दोन भाऊ आठवले. दोघेही लहानपणीच रक्त वाहून दगावले होते. घरात मुलगी असेल तर तिला ताबडतोब कळवा, असं बाईंनी बजावलं.

मुलगी होती. गोपिका, काटोलला दिलेली, चार महिन्यांच्या मुलाची आई. वस्तादांनी तिला कळवलं नाही. सासरी समजलं तर लेकीचा संसार मोडेल, या धास्तीने त्यांनी गोविंदालाही शपथ घातली.

वर्षभराने काटोलहून निरोप आला. नातू चालायला लागला होता, त्याचा गुडघा सुजला होता, आणि गोपिकेच्या सासूने, भीमाबाईंनी, वस्तादांना तेलाची बाटली घेऊन बोलावलं होतं. वस्तादांनी पिशवी भरली. मग म्हणाले, जाऊन येतो, वरवर हात फिरवल्यासारखं करतो. गोविंदाने त्यांची पिशवी धरून ठेवली.

"बाबा, तिथं सारं सांगा. नाहीतर मी सांगतो."

"तिले घरातून काढतीन गा ते."

"काढू द्या. आपण सांभाळू तिले. माह्या पायाची वेळ गेली, त्या पोराची अजून राहिली असन. ठाऊक नव्हतं तवा तुमी चोळलं, त्याचा मले राग नाही. पण आता तर ठाऊक आहे!"

वस्तादांनी तेलाची बाटली पिशवीतून काढून ठेवली. दोघे काटोलच्या बसमध्ये बसले.

ते घरात शिरले तेव्हा गोपिका मुलाचा पाय मांडीवर घेऊन चोळत होती. लहानपणी वडिलांना पाहिलं होतं तशीच, अंगठ्याने दाबून. पोर आता रडायचंही थांबलं होतं. वस्तादांनी तिचा हात धरला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. भीमाबाई भडकल्या. आमची फसवणूक केली, पोरीला अन् पोराला दोघांनाही घेऊन जा, म्हणाल्या. जावई खाली मान घालून उभा राहिला. गोपिकेचं त्या दोघांकडे लक्षच नव्हतं.

"तुमाले कधीपासून ठाऊक होतं, बाबा?"

"वर्ष झालं."

"याचा गुडघा तिसऱ्यांदा सुजला. दर वेळी मी मालीश करून राहिली, तुमच्यासारखीच. मले एक चिठ्ठी काहून नाही टाकली?"

वस्ताद भिंतीला टेकून बसले आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

त्याच दिवशी गोपिका मुलाला घेऊन नागपूरला आली. डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. सांधा बराच बिघडला होता, पाय पूर्ण सरळ होणं कठीण होतं. प्लाझ्मा कधी मिळे, कधी मिळत नसे. जावई एकदा येऊन गेला, पुन्हा फिरकला नाही. वस्तादांनी मालीश कायमची सोडली. काही न लागता सांधा सुजलेलं पोर कोणी घेऊन आलं की ते हात मागे घेत आणि इस्पितळात न्यायला सांगत. लोक मान डोलावत. एकाने तर विचारलं, तिळाचं चालत नसेल तर मोहरीचं लावून पाहावं का?

वाचकहो, या आजारावर तेव्हा रामबाण औषध नव्हतं. तरीही गोविंदाचा पाय गेला तो अज्ञानाने, आणि त्याच्या भाच्याचा गेला तो अब्रूच्या भीतीने. पहिल्यासाठी मुलाने बापाला माफ केलं. दुसऱ्यासाठी स्वतःला माफ करणं वस्तादांना कधी जमलं नाही. तुमच्या घरात असा आजार असेल तर तो झाकू नका, आपल्या लेकीबाळींना आजच सांगा. संसार राहतो की मोडतो, ते नंतर बघता येईल.