एका ताऱ्याची जागा

साहेब चौतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते. ते निवृत्त झाले, त्यांच्यातला निरीक्षक काही झाला नाही. नोकरीत दुकानदारांचे तराजू तपासले, आता त्यांनी जग तपासायला घेतलं. त्यासाठी एक घरगाडी घेतली. आत दोन पलंग, एक शेगडी आणि बसलं की गुडघे दाराला टेकतील असा संडास. "आता सगळं जग आपलं अंगण," असं साहेब येईल-जाईल त्याला सांगायचे.

"आणि ते झाडायचं मी," असं त्यांची बायको म्हणायची. ती इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली होती आणि सगळं गणगोत तिला सिस्टर म्हणायचं.

घरगाडीवाल्याला रोज दुपार कलली की एकच काळजी, आज मुक्काम कुठे? जमीन सपाट हवी, वीज हवी, नळ हवा, आणि ज्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत ती मैलाटाकी रिकामी करायची सोय हवी. साहेब फोनवर लोकांनी दिलेले तारे बघून मुक्कामाचा तळ निवडत. पाच ताऱ्यांचा पहिला तळ खडी फोडणाऱ्या यंत्राला लागून निघाला. दुसऱ्यात नळाला गंजाचं पाणी. तिसऱ्यात शेजारच्या गाडीतल्या दंतवैद्याला साहेबांची दया आली.

"साहेब, तुम्ही अजून भोळेच. चांगली जागा सापडली की तिला एकच तारा द्यायचा. नाहीतर पुढच्या वर्षी आपल्यालाच जागा मिळत नाही. भिकार जागेला पाच द्यायचे, गर्दी तिकडे वळते."

"सगळेच असं करतात?"

"जाणकार सगळे."

म्हणजे रस्त्यावरचे यच्चयावत जाणकार एकमेकांना चुकीचा पत्ता देत हिंडत होते आणि संध्याकाळी खुर्च्या टाकून त्यालाच बंधुभाव म्हणत होते. साहेबांना ही शिस्त पटली. त्या दिवसापासून ते एका ताऱ्याच्या जागा शोधू लागले. त्यातल्या निम्म्या जागांना तो एक ताराही कुणीतरी मोठ्या मनानं दिलेला होता.

तळ्याकाठची जागा सापडली ती साहेब रस्ता चुकले म्हणून. चुकलो, हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही. बारा गाड्यांची सोय, सगळा कारभार एकटी मालकीण बघायची. पूर्वी ती शिवणकाम करायची, आणि त्या वसंतातच तिनं हा तळ उघडला होता. फोनवरच्या यादीत नाव होतं, पण नावापुढे अजून एकही तारा नव्हता. साहेबांनी गाडीत सपाटी तपासायची पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध उभा राहिला, तसूभरही हलला नाही. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ते न्हाणीघरात घड्याळ घेऊन गेले आणि भिजून, गुपचूप खूश होऊन परत आले.

सिस्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. इथली पायवाट पाण्यापर्यंत सपाट होती. ती रोज सकाळी काठी टेकत जायची, कमरेएवढ्या पाण्यात तासभर चालायची आणि वर येऊन मालकिणीबरोबर चहा घ्यायची. पाचव्या दिवशी ती काठी पाण्याकाठीच विसरून आली.

"अहो, महिनाभर राहिले ना इथे, तर काठी कायमची सुटेल माझी," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा साहेबांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. यंदा डॉक्टरांची तारीख जवळ आली होती, निघणं भाग होतं. "पुढच्या वर्षी पूर्ण महिना. शब्द देतो," साहेब म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं.

शब्द पाळायचा तर जागा रिकामी राहायला हवी. सिस्टर कपडे वाळत घालत होती तेवढ्यात साहेबांनी फोन काढला. एक तारा. खाली मुद्देसूद मजकूर. जमिनीला चार अंशांचा उतार. डासांचा प्रादुर्भाव. पंपाचा आवाज पहाटे पाचपासून. गरम पाणी दोन मिनिटांत संपते. सबब शिफारस करता येत नाही. चौतीस वर्षांत ज्या माणसानं एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, त्याचा अंगठा क्षणभर अडला. पण हे सगळं तिच्या गुडघ्यासाठीच आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आपली लबाडी दुसऱ्याच्या नावावर टाकली की ती फार हलकी होते.

पुढच्या वर्षी ते आले तेव्हा फाटकाशी पाटी नव्हती. गवत गुडघाभर वाढलं होतं. मालकीण खोक्यांमध्ये चादरी भरत होती. सिस्टरला पाहून तिनं धावत येऊन मिठीच मारली.

"जागा विकली हो, ताई. महिनाअखेरीला ताबा द्यायचाय. वर्षभरात तीनच गाड्या आल्या."

"अहो पण का? इतकी छान जागा!"

"एका गृहस्थांनी लिहिलंय. बाकीचे लोक नुसत्या शिव्या देतात, यांनी आकडे दिलेत. आकडे असले की लोकांचा विश्वास बसतो. माझाही बसला ना!" मालकिणीनं ट्रंकेतून एक छापील कागद काढला. "म्हटलं, आपलंच चुकत असेल. होतं नव्हतं ते घातलं आणि बॉयलर बदलला. पंपाला पेटी केली. उतार काही मला सापडला नाही."

सिस्टरनं कागद हातात घेतला. पहिला मुद्दा वाचला, दुसरा वाचला. 'सबब'पाशी तिची नजर थांबली. असं लिहिणाऱ्या माणसाच्या वाणसामानाच्या याद्याही तिनं आयुष्यभर वाचल्या होत्या. तिनं तो कागद नवऱ्यापुढे धरला.

"अहो, जरा मोठ्यानं वाचा. माझा चष्मा गाडीत राहिला."

चष्मा तिच्या नाकावर होता.

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. उतारापर्यंत आवाज खणखणीत होता, डासांपाशी बसला, पंपापाशी घोगरा झाला. गरम पाण्याच्या ओळीवर तो आलाच नाही. आयुष्यात खोट्या वजनांसाठी त्यांनी कितीजणांची दुकानं बंद केली होती, आणि त्यांतल्या एकाच्याही डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"हे मी लिहिलंय," ते म्हणाले. "जागा आपल्याला रिकामी मिळावी म्हणून."

मालकीण ओरडेल, हाकलून देईल, असं साहेबांना वाटलं, आणि तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण तिच्या डोक्यात काहीतरी वेगळंच चाललं होतं.

"म्हणजे... पाणी पुरत होतं?"

"अकरा मिनिटं. मी मोजलं होतं."

मालकीण हळूच खोक्यावर टेकली. सिस्टर काठी बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसली.

"नवा बॉयलर नऊच मिनिटं देतो," मालकीण म्हणाली.