मशीन चालू असताना

आमच्या उमापूरच्या घरात कपडे धुवायचं मशीन आलं ते पुण्याच्या दिरांकडून. त्यांनी नवीन घेतलं आणि जुनं टेम्पोत घालून आम्हाला धाडलं. समोर गोल काचेचं दार असलेलं, आतले कपडे गरगरताना दिसतात तसलं. काही दिवस गुमान चाललं. मग कपडे पिळायची वेळ आली की ते घरघरायला लागलं, नंतर खडखडायला, आणि शेवटी शेवटी तर घरात मळणीयंत्र लावल्यासारखं वाजायचं. भिंतीवरचे फोटो हलायचे. शेजारच्या चुलत जाऊबाई गल्लीतून ओरडून विचारायच्या, विजयमाला, आज गहू काढताय का हरभरा?

मला त्याचा काही त्रास नव्हता. आणि माझ्या सासूबाई छबुबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांना तर त्या आवाजाचाच आधार होता. कसा ते सांगते.

माझे सासरे सुंदरराव. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. तालुक्याचं राजकारण आपल्या बैठकीतून चालतं असं त्यांचं मत आहे, आणि चहा मिळतो तोवर येणारे-जाणारेही त्याला मान डोलावतात. काही वर्षांमागे ते जिल्ह्यातल्या एका सहकारी संघाच्या निवडणुकीला उभे राहिले. त्यांचे साडू, धर्मापुरीचे मोहनराव, यांनी उघडपणे दुसऱ्या पॅनलचा प्रचार केला. मामा पडले. पडले ते पडले, पण चार माणसांत त्यांनी जाहीर केलं की धर्मापुरीचं नाव या घरात पुन्हा निघायचं नाही. मोहनरावांची बायको कौशल्यामावशी म्हणजे आत्याबाईंची सख्खी धाकटी बहीण. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं. साडू भांडले आणि बहिणी तुटल्या.

मामांचा स्वभाव असा की बैठकीत बसून त्यांना मागच्या मोरीतलं सगळं ऐकू येतं. कुणाचा फोन, कुणाशी बोलत होतीस, काय म्हणाली, सगळं विचारणार. अंगणात जाऊन बोलावं तर भावकी कान लावून बसलेली. मग मशीन वाजायला लागलं आणि आत्याबाईंना वाट सापडली. मशीन पिळायला लागलं की त्या मोरीत पाटावर बसायच्या, आपला बटणाचा फोन एका कानाला लावायच्या, दुसऱ्या कानात बोट घालायच्या आणि बहिणीशी जिवाच्या आकांतानं ओरडून बोलायच्या. मी दारात राखण. बोलणं लांबलं तर मी मशीनला पुन्हा नुसतं पिळायला लावायची. त्याला पाणीही लागत नाही. धुतलेली एकच साडी आम्ही इतक्यांदा पिळून काढली की तिचा रंग उडाला. बेअरिंगचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

उन्हाळ्याच्या तोंडाला कौशल्यामावशीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन अंबाजोगाईला करायचं ठरलं, तारीख शुक्रवारी कळणार होती. आत्याबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांना एकच पाहिजे होतं, बहिणीला आत नेतील तेव्हा आपण तिच्या उशाशी असावं. मामांना विचारायची छाती होत नव्हती. त्यांनी एकदा नाही म्हटलं की ते ‘नाही’ चार लोकांत जातं, आणि लोकांत गेलेलं ‘नाही’ मामा कधी मागे घेत नाहीत.

नेमकं त्याच आठवड्यात मामा कुठल्याशा मोठ्या पुढाऱ्याशी फोनवर बोलत असताना मशीन खडाडलं. त्यांना पुढाऱ्याचं आणि पुढाऱ्याला त्यांचं काही कळेना. फोन ठेवून मामांनी पोराला हाक मारली आणि सांगितलं की हे खटारं एक तर नीट कर, नाही तर उकिरड्यावर टाक.

त्यांचा पोरगा म्हणजे आमचे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण ‘हे’ ‘हे’ तरी किती करणार, म्हणून तानाजीराव म्हणते. ते शेतीबरोबर बोअरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. गेवराईचा मेकॅनिक आधी येऊन पूर्ण ड्रम बदला म्हणून सांगून गेला होता, ते त्यांना लागलं होतं. त्यांनी काचेच्या दारातून हात घालून ड्रम फिरवला, कान लावला, वर-खाली हलवून बघितला आणि म्हणाले, बेअरिंग गेलंय, मोटारीचं काय आणि याचं काय.

मंगळवारी मशीन उघडलं. मागचा पत्रा काढला तर आत गंजाचे लाल ओघळ उतरलेले. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, त्यानं रबराचं सील खाल्लं, सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये गेलं, असा सगळा हिशोब त्यांनी मला पाना हातात घेऊन समजावला. पट्टा काढला, चाक काढलं, मोटार काढली. मग आतून सिमेंटचा एक भलामोठा ठोकळा निघाला. तेवढ्यात मामा बघायला आले. त्यांनी ठोकळ्याला पायानं ढोसलं आणि कपाळाला हात लावला. कापसाचं वजन भरावं म्हणून लोक पाणी मारतात, तसा कंपनीनं धोंडा भरून माल विकलाय, असं ते म्हणाले आणि पुण्याला फोन लावून दिराला झापायलाही निघाले. मशीन उड्या मारू नये म्हणून तो ठोकळा मुद्दाम घालतात, हे तानाजीरावांनी सांगितलं, पण मामांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

ड्रम बाहेर काढून तानाजीरावांनी लोखंडी गज लावला आणि हातोड्यानं ठोकून दोन्ही बेअरिंग पाडली. एकातल्या गोळ्या तर हातातच सुटल्या. त्यावरचे नंबर बघून ते नवीन आणायला बीडला गेले. मशीन तोवर ओसरीत पसरलेलं, धुणं माझ्या हातावर, आणि आत्याबाईंचा फोन बंद.

त्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. आत्याबाई जवळ येऊन बसल्या आणि पदराखालून गंजकं बेअरिंग काढून माझ्यापुढं धरलं.

“माले, हेच परत बसवलं तर चालंल का?”

मला आधी हसू फुटलं आणि मग त्यांच्या तोंडाकडं बघून ते विरलं. मी सांगितलं की आता ते बसत नाही, आणि नवीन बसल्यावर मशीनचा आवाज येणार नाही, तेव्हा फोनची दुसरी काही सोय करू, रानात जाऊन बोलू. त्या हो म्हणाल्या. पण त्यांना रानात नेणार कोण आणि मामांना काय सांगून? खरं सांगते, त्या वेळी मला नवऱ्याच्या हुशारीचा रागच आला.

शुक्रवारी दुपारपर्यंत तानाजीरावांनी सगळं जोडलं. नवीन सील बसवलं, सांध्याला चिकट लुकण लावलं, धोंडाही मामांच्या नाकावर टिच्चून परत बसवला. कपडे घालून मशीन लावलं आणि ते अंघोळीला विहिरीवर गेले. तिकडं बैठकीत मामांची माणसं जमली होती, निवडणुका तोंडावर आल्या होत्या. मी चहा घेऊन गेले. मामा लोडाला टेकून सांगत होते की या भागात त्यांना कळल्याशिवाय झाडाचं पानही हलत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“कौसे! कदी कापनार हायेत तुला?”

 काय झालं ते माझ्या लगेच ध्यानात आलं. आत्याबाईंनी काचेतून ड्रम गरगर फिरताना बघितला होता. इतक्या दिवसांची सवय, त्यात आज तारीख कळायची होती. फिरतंय म्हणजे वाजतंय असं धरून त्यांनी फोन लावला, कानात बोट घातलं आणि नेहमीच्या आवाजात सुरू झाल्या. बोट कानात असल्यावर मशीन गप्प आहे हे त्यांना कळावं कसं?

“उद्याच का? मग भिऊ नगं. म्या येते. ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील, पर म्या येते.”

बैठकीत कुणी कप खाली ठेवेना. सगळ्यांच्या नजरा मामांवर. त्यांच्यातल्या एकानं हळूच विचारलं की आण्णा, धर्मापुरीच्या बहिणीला फोन काय? मामांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. मला वाटलं आता उठतात आणि आत जातात. पण घरातलं पान हललेलं आपल्याला माहीत नव्हतं, हे त्या माणसांपुढं कबूल करणं त्यांना मरणाहून वाईट.

“हां,” मामा म्हणाले. “मेव्हणीचं ऑपरेशन हाय. मीच म्हनलं जाऊन ये म्हनून. राजकारण तेच्या जागी, मानूस तेच्या जागी.”

माणसांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, याला म्हणतात मोठं मन. मी ट्रे तिथंच ठेवून मोरीकडं पळाले.

आत्याबाईंच्या खांद्याला हात लावला. त्यांनी कानातलं बोट काढलं, आणि त्यांना ती शांतता ऐकू आली. आधी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.  त्यांनी फोन बंद केला. मी घाईघाईनं कानात सांगितलं, मामांनी बाहेर काय म्हटलंय ते.  त्या उठल्या, डोईवरचा पदर सारखा केला आणि चालू लागल्या. आजवर माणसं बसलेली असताना त्या बैठकीत पाऊल टाकत नव्हत्या. आज उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहिल्या.

“मग सकाळच्याला गाडी सांगून ठिवा,” त्या म्हणाल्या. “उद्याच हाय ऑपरेशन.”

मामा त्यांच्याकडं बघत राहिले. माणसं मामांकडं.

“सांगितलीय,” मामा म्हणाले.

माणसं गेल्यावर घर एकदम रिकामं वाटायला लागलं. मी कप गोळा करण्याच्या निमित्तानं रेंगाळले. आत्याबाई दाराशी तशाच उभ्या होत्या, बोलणी खायच्या तयारीनं. मामांनी आवाज चढवला नाही. कधीपासून चाललंय हे, असं विचारलं. मशीन वाजायला लागल्यापासून, आत्याबाईंनी सांगितलं. मग मामांनी विचारलं की कौशल्येकडं फोन कधी आला, तिला तर फोन धरता येत नव्हता.

“तिच्याकडं कुठला फोन,” आत्याबाई म्हणाल्या. “मोहनरावांचाच हाय. तेच उचलतेत. थांबा आक्का, देतो तिला, म्हनतेत.”

हे मलाही माहीत नव्हतं. 

मामा लोडाच्या शिवणीवरून बोट फिरवायला लागले.

“आनखी काय म्हनतो?”

“आदी तुमचं इचारतेत. पावने बरे हायेत का म्हनून. मगच तिला देतेत.”

“रोज?”

“रोज.”

मामांनी मान खाली घातली. निवडणूक हरले तेव्हाही त्यांनी ती घातली नव्हती, असं सगळे सांगतात. माझे डोळे भरून आले. पुढ्यात बसलेल्या माणसाबद्दल इतका राग आणि इतकी माया एकदम कधी वाटली नव्हती.

“लाव,” ते म्हणाले आणि हात पुढं केला.

आत्याबाईंनी बटण दाबून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून कुणीतरी लगेच उचलला. मामांनी घसा खाकरला. सभेत बोलताना, दारात, फोनवर, कुठंही ते स्वतःचं नाव सांगतात ते ‘सुंदरराव’ असंच, अगदी कलेक्टरलासुद्धा.

“मोहनराव,” ते म्हणाले, “मी सुंदर.”