सील तुटता कामा नये

फ्रिज पसंत पडला होता. तेवढ्यात मिशन रोडवरच्या त्या दुकानातल्या टायवाल्या सेल्समनने खणातून एक हिरवा कागद काढला आणि गोड आवाजात विचारलं, "मॅडम, आणि हा बंद पडला तर?"

त्याला काय माहीत, गेल्या पावसाळ्यात आमचा जुना फ्रिज बंद पडला, आतलं इन्सुलिन खराब झालं आणि माझी ओसासेरे तीन दिवस दवाखान्यात बेशुद्ध होती! नऊ वर्षांची पोर, रोज चार वेळा सुई टोचून घेते तेव्हा जगते. आमच्या घरी फ्रिज थंड पाण्यासाठी नसतो, त्यात तिचा जीव ठेवलेला असतो.

"कंपनीची वॉरंटी एक वर्षाची," तो सांगत होता. "हा कागद घेतलात की आणखी तीन वर्षं. काहीही बिघडू दे, आमचा माणूस घरी येणार. फक्त मागचं सील तुटता कामा नये. बाहेरच्या कुणी उघडला की सगळं रद्द."

"इतोहान, घेऊ नकोस," माझा थोरला भाऊ ओसाहोन म्हणाला. "तेवढ्या पैशांत स्टॅबिलायझर येईल. वीज परत येताना जो दणका बसतो ना, त्यानेच फ्रिज मरतात. कागद काय दणका अडवणार आहे?"

"सर, स्टॅबिलायझरही बंद पडतो," सेल्समन हसला. "मग त्याचं काय?"

दोन्ही घेण्याची माझी ऐपत नव्हती. खरं सांगते, दादाचं म्हणणं मला पटलं होतं. पण मी इतकी घाबरलेली होते की पटूनही उपयोग नव्हता. मी कागद घेतला.

घरी आल्यावर दादाने मात्र सगळं रीतसर केलं. आमच्याकडे गाडी येवो, जनरेटर येवो, माझं शिलाई मशीन येवो, प्रार्थना करून आशीर्वादाचं तेल लावल्याशिवाय वस्तू वापरत नाहीत. आणि दादाचा हात सढळ. दाराला लावलं, माथ्यावर लावलं, मग "सैतान नेहमी मागून येतो" असं म्हणत मागच्या फटीतून आतही ओतलं. मी मोठ्याने आमेन म्हणाले. तेल पुसून झाल्यावर मी ओसासेरेला मागचं चंदेरी सील दाखवलं. "ह्याला कुणी हात लावायचा नाही. हे तुटलं की सगळं गेलं." तिने गंभीरपणे मान डोलावली.

एक वर्ष सुखात गेलं. चौदाव्या महिन्यात, एका सोमवारी दुपारी, सकाळपासून गेलेली वीज परत आली. गल्लीतली मुलं नेहमीसारखी ओरडली, दिवे डोळे दिपतील इतके पेटले आणि फ्रिजमधून 'टक्' असा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. मी कान लावून बसले, प्लग काढून घातला, देवाचं नाव घेतलं. फ्रिज ढिम्म.

कागदावरच्या नंबरला फोन केला. "माणूस शनिवारी येईल, मॅडम."

"शनिवारी? अहो, माझ्या मुलीचं औषध आहे त्यात!"

"कळतंय मॅडम, पण आधीचे नंबर आहेत. तोवर कुणाला उघडू देऊ नका हं."

आमच्या समोरच म्हातारे इगोदारो फ्रिज दुरुस्त करतात. ते पाना घेऊन आपणहून आले. "ओसासेरेच्या आई, अर्ध्या तासाचं काम आहे. आत एक बारका भाग असतो, तो जळाला असणार. सरक बाजूला."

मी फ्रिजपुढे आडवी आले. "हात लावू नका!"

"अगं, मी काय तुझा फ्रिज खाणार आहे का?"

"सील तुटेल."

"तुटू दे की! सीलने थंड होतं का औषध?"

दारात जमलेल्या बाया खो खो हसल्या. मला असा राग आला की त्या म्हाताऱ्याचं वयही मी पाहिलं नाही. "तुमचं गिऱ्हाईक जातंय म्हणून बोलताय," असं म्हणाले. ते पाना उचलून निघून गेले.

मग मी मासेवालीकडे धावले. तिच्या फ्रीझरमधला दगडासारखा बर्फ आणला, डब्यात फोडून भरला आणि इन्सुलिनच्या बाटल्या त्यात खोल खुपसल्या. डॉक्टरांचं 'थंड ठेवा' एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. जितकं जास्त थंड तितकं बरं, असं मी धरून चालले. रोज नवा बर्फ आणायची. रक्त तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या, पण पैसे बर्फात जात होते म्हणून नव्या आणायच्या राहून गेल्या. मी पोरीच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायची.

"बरं वाटतंय ना?"

"हो, आई."

दिवसातून वीस वेळा विचारायची आणि वीस वेळा 'हो' ऐकायची. तरी कामात लक्ष लागेना. शिवायला आलेल्या शाळेच्या गणवेशांच्या बाह्या मी उलट्या शिवल्या. रस्त्यात मोटार थांबली की कंपनीचा माणूस आला असं वाटून उठायची.

शनिवारी तो आला. सभ्य, हळू बोलणारा. त्याने सील पाहिलं आणि म्हणाला, "वा, अगदी नवं ठेवलंय!" माझी मान ताठ झाली. मग त्याने मागच्या फटीतून आत टॉर्च मारला. आतल्या भागांवर धुळीचा चिकट काळा थर होता.

"हे काय, तेल?"

"आशीर्वादाचं," दादा म्हणाला.

त्या माणसाने मान खाली घालून "आमेन" म्हटलं आणि खिशातून पेन काढलं. "पण बाहेरचं तेल-पाणी आत गेलं की वॉरंटी रद्द होते. कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलंय, मॅडम."

"तेलाने बंद पडलाय का तो?"

"तसं मी म्हणत नाही. पण तेल दिसलं तर लिहावं लागतं." त्याने लिहिलं आणि तो गेला. दादाने माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि ते सील माझ्या हाताने खरवडून काढलं. मग गल्लीत जाऊन इगोदारोंचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि पाना घेऊन लगेच आले. वीस मिनिटांत फ्रिज घुरघुरायला लागला. आनंदाने मला हसू आवरेना.

"ओसासेरे! ये, बघ चालू झाला!"

ओ आली नाही.

ती आतल्या खोलीत जमिनीवर पडली होती. श्वास भात्यासारखा चालला होता, आणि तोंडाला तो वास होता, पिकून सडलेल्या फळाचा. गेल्या खेपेपासून तो वास मी कुठेही ओळखते. दादाने तिला उचललं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली. "बर्फात ठेवली होती? अहो, गोठलं की हे औषध मरतं. पाच दिवस तुम्ही पोरीला नुसतं पाणी टोचत होतात. ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलं असतं तरी चाललं असतं. फ्रिज लगेच दुरुस्त का नाही करून घेतला?"

एका स्टिकरसाठी, असं कसं सांगू?

ओसासेरेने रविवारी दुपारी डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. पहिलं काय विचारलं तर, "आई, कंपनीचा माणूस आला?"

"आला, बाळा."

"सील बघितलं त्याने?"

"बघितलं. नवं ठेवलंय म्हणाला."

ती हसली. मग हळूच म्हणाली, "रागावणार नाहीस ना? मला बुधवारपासूनच बरं वाटत नव्हतं. सारखी तहान लागायची. तू मशीनवर बसलीस की मी मागच्या नळावर जाऊन प्यायचे."

"मग बोलली का नाहीस गं? मी इतकी विचारत होते!"

"सांगितलं असतं तर तू इगोदारो आजोबांना बोलावलं असतंस," ती म्हणाली. "आणि सील तुटलं असतं."

मी तिचा हात घट्ट धरला. आपण काहीतरी वाचवलं, असंच तिला वाटत होतं. ते सील मीच सुरीने खरवडून टाकलं, हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही.