बाई स्वतःला तपासतात

मनोरुग्णांची शुश्रूषा शिकवण्यात ओरिस्या हावरिश बाईंचं अख्खं आयुष्य गेलं. लक्ष, स्मृती, विचार, भावना, स्वतःच्या आजाराची जाणीव. मनाच्या एकेका कामाला काय म्हणायचं आणि ते बिघडलं की काय म्हणायचं, हे त्यांनी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या निम्म्या नर्सेसच्या डोक्यात खिळे ठोकावेत तसं ठोकलं होतं. आणि आता निवृत्त झाल्यावर, कायद्याने सक्तीने ठेवलेली पेशंट म्हणून, त्या स्वतःच तीन माणसांच्या मंडळासमोर बसल्या होत्या. मंडळाने सोडलं तर घर. नाहीतर आणखी तीन महिने हाच वॉर्ड, प्लास्टिकचे चमचे आणि दुसऱ्याच्या किल्लीने उघडणारी दारं.

बाईंना घरी जायचं होतं. इतकं, की हल्ली कोणी सहज ‘घर’ म्हटलं तरी त्यांचा हातातला चमचा तसाच थांबायचा.

फेब्रुवारीत काय घडलं ते गावभर ठाऊक होतं. पारा उणे तीसवर असताना बाई नाइटगाउनवर धान्याच्या उंच कोठाराची शिडी चढून गेल्या होत्या. अग्निशमनवाले त्यांना खाली उतरवत होते आणि बाई वरून त्यांनाच हुकूम सोडत होत्या. त्यातल्या एकाची बायको बाईंची विद्यार्थिनी निघाली, त्यामुळे अब्रू झाकायची काही सोयच उरली नाही. आज बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता, बाई नियमाने गोळ्या घेत होत्या, झोपत होत्या. पण वॉर्डाच्या डॉक्टरांचं समाधान होत नव्हतं.

डॉ. टुलॉक तरुण होते, भले होते, आणि चूक होण्याची त्यांना फार भीती वाटायची. त्यांनी अहवाल वाचला. “मनःस्थिती चढलेली. बोलण्याचा वेग जास्त. विचार एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. भास नाहीत. भ्रम नाहीत. आजाराची जाणीव अपुरी. मुक्काम वाढवावा असं माझं मत आहे.”

वाचून संपलं. शब्द सगळे शुद्ध, वळणदार. पण बरणीवर चिठ्ठी चिकटवली म्हणून आत लोणचंच आहे असं थोडंच असतं? झाकण उघडून बघावं लागतं. अहवालात बाईंच्या तोंडचं एकही वाक्य नव्हतं.

बाईंची वकील जॅनिन त्यांच्या कानाशी वाकली. “बाई, उड्यांचं मी बघते. तुम्ही फक्त गोड हसा आणि गप्प बसा.”

“गोड हसायला मला कधी जमलंय? आणि गप्प बसायला तर अजिबात नाही,” बाई म्हणाल्या, आणि हात वर केला. “डॉक्टर, उडी कुठून कुठे मारली मी?”

टुलॉक गोंधळले. “परवा जेवताना. सूपवरून बर्फावरच्या कर्लिंगच्या सामन्यावर, तिथून पाद्र्यांच्या गुडघ्यावर...”

“टेबलावर आम्ही चौघं होतो हो! सूपची तक्रार माझी. कर्लिंग फ्रेडचं. गुडघ्याचं डोरिसने काढलं, ती सगळ्यांचेच गुडघे काढते. मी एकेकाला उत्तर देत होते. तुम्ही दारातून फक्त माझाच आवाज ऐकलात, कारण तो मोठा आहे. तो चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा होता.”

मंडळातले एक गृहस्थ खोकल्यासारखं करून हसले. जॅनिनने सुटकेचा श्वास टाकला. डाव जिंकल्यात जमा होता. इथे थांबायचं, बस्स.

पण बाईंची नजर त्या कागदावरून हलेना. ‘भ्रम नाहीत.’ हे खोटं आहे हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं. बोलावं तर घर हातचं जाईल. न बोलावं तर पोरींना आयुष्यभर जे शिकवलं त्यावर स्वतःच थुंकल्यासारखं होईल. त्या घाबरल्या होत्या, चांगल्याच.

“आणखी एक चूक आहे,” त्या म्हणाल्या. “ही माझ्या बाजूची आहे.”

“बाई, नको!” जॅनिनने त्यांची बाही धरली.

“सोड गं. अध्यक्षांना ऐकू दे.” बाई खुर्चीत सरळ झाल्या. “पेशंट ओरिस्या हावरिश. फेब्रुवारीत तिची खात्री होती, की रेडिओवरचा हवामानवाला तिच्याशी बोलतोय. वारा वायव्येचा म्हणजे वर चढ, गावाला वाचव. कोणी कितीही समजावलं तरी ती हलली नसती. हा भ्रम, पक्का. आज ती खात्री नाही. पण अजूनही हवामान सांगताना गावाचं नाव आलं की तिचं काळीज लक्कन हलतं. हा मलाच सांगतोय, असं क्षणभर वाटतं. मग ती शेजारच्या बाईला विचारते, तुला काय ऐकू आलं गं? आणि गोळी चुकवत नाही. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण तिला घरी जायचंय. शिडीवर ती पुन्हा चढू शकते, हे तिला माहीत आहे. म्हणून घराची एक किल्ली बहिणीकडे राहील आणि झोप उडाली की त्याच दिवशी ती इथे फोन करील. झालं. मला घरी जाऊ द्या.”

जॅनिनने डोळे मिटून घेतले होते.

अध्यक्ष मॅककिनन, पांढऱ्या केसांच्या, फारशा न हसणाऱ्या, डॉक्टरांकडे वळल्या. “डॉक्टर, जाणीव अपुरी, असं तुमचं अजून म्हणणं आहे?”

टुलॉकना ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. त्यांच्या हातात आता भ्रमाचा पुरावाही होता. त्यांनी अहवाल पालथा घातला.

“नाही,” ते म्हणाले. “एवढी जाणीव मी आजवर कोणात पाहिली नाही. माझी शिफारस मी मागे घेतो.”

मंडळातले तिघे आतल्या खोलीत गेले आणि लगेच परत आले. “मिसेस हावरिश,” मॅककिनन म्हणाल्या, “सक्तीचा आदेश रद्द. तुम्ही आजच घरी जाऊ शकता.”

आणि मग बाई हसल्या, रडल्या, टेबलावर थाड्‌कन हात आपटून उठल्या, जॅनिनचा गालगुच्चा घेतला आणि पुन्हा हमसून रडल्या. जॅनिन धास्तावून डॉक्टरांच्या पेनाकडे बघायला लागली. आता हा काय लिहितोय?

टुलॉकनी ते पाहिलं आणि लिहिता लिहिताच मोठ्याने वाचलं. “पेशंट म्हणाली, ‘मला घरी जाऊ द्या.’ परवानगी मिळताच एकदम हसली आणि रडली. भावना प्रसंगाला अगदी साजेशा.”