थोरलीचं माप

शिंपिणीने निळा ड्रेस गिऱ्हाईक बाईंपुढे पसरला आणि कापलेल्या बाहीवर झटकन हात ठेवला. लपवून लपणार थोडंच होतं? बाही खांद्यापासून मनगटापर्यंत कात्रीने उभी चिरलेली होती.

"उंदीर हो," ती म्हणाली. "मेल्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. संध्याकाळपर्यंत दुसरी बाही लावून देते."

बाईंनी बाही उजेडात धरली. उंदीर मोठा कसबी असावा. कुठे रेघ म्हणून हलली नव्हती.

"उंदीर नाही. मी कापली," मशीनमागून धाकटी लेक म्हणाली. पंधरा वर्षांची पोर, पण बक्षीस घ्यायला उठावं तशी ताठ उभी होती.

बाईंनी ड्रेस परत खाली ठेवला. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. "राहू दे, मुलीला जुनाच घालायला सांगते," एवढं म्हणून त्या जिना उतरल्या.

शिंपिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या कात्रीपेक्षा स्वतःचा उंदीर तिला जास्त झोंबत होता, आणि म्हणूनच तिचा आवाज चढला.

"तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! शाळेत भांडणं, घरात उलट उत्तरं, आता हे. थोरली तुझ्या वयाची होती तेव्हा..."

"त्यांच्या मुलीला तू चारदा विचारलंस," धाकटी म्हणाली. "गुडघे टेकून. काखेत घट्ट होतंय का बाळ, गळा केवढा हवा बाळ. वर्गात माझ्या शेजारी बसते ती."

"गिऱ्हाईक आहे. विचारावंच लागतं."

"आणि मी?"

धाकटीने दोन्ही हात पुढे केले. शर्ट खांद्यावर ताणला होता, काखेतली शिवण उसवली होती.

धाकटीचं माप शिंपिणीने कधी घेतलंच नव्हतं. थोरलीच्या मापावर कापड बेतायचं, दोन बोटं कमी करायची, झालं. सख्ख्या बहिणी त्या, वेगळ्या असून असून किती असणार? साऱ्या गल्लीचे खांदे तिला तोंडपाठ होते. पोटच्या पोरीचे खांदे थोरलीपेक्षा रुंद झालेत, हे तिला आत्ता दिसत होतं. तिला फार लाज वाटली.

तिने गळ्यातली टेप काढली. "उभी राहा अशी."

पोर अवघडून उभी राहिली. गिऱ्हाइकांच्या चिमुरड्यांनाही हात कधी उचलायचे ते कळतं. हिला सांगावं लागलं. खांदा झाला, छाती झाली, हाताची लांबी झाली. शिंपीण खाली गुडघ्यांवर बसली. रोजचाच प्रश्न, पण या पोरीला पहिल्यांदाच.

"बाह्या कशा हव्यात तुला?"

धाकटीचा मघाचा तोरा कुठल्या कुठे गेला. ती विचारात पडली.

"ताईच्या कशा असतात?" तिने विचारलं.

शिंपिणीला मान वर करवेना.