दुर्गाबाईंची फाइल

"दुर्गाबाई, तुम्हीच सांगा आता, हे काय लावलंय?" म्हणत द्वारकाबाईंनी साडी काउंटरवर उलटी पसरली.

दुर्गाबाईंनी वाकून पाहिलं. साडी मातकट होती, फॉल मातकट होता आणि दोराही मातकटच. निदान त्यांना तरी सगळं एकाच रंगाचं दिसत होतं.

"फॉल लावलाय," त्या सावधपणे म्हणाल्या.

"ते मलाबी दिसून राह्यलं. लालभडक साडीला हिरवागार फॉल लावलाय. परवा पोरीची सुपारी फोडायची हाय आमच्या. चारचौघांत हसू व्हईल ना."

"लाइट गेल्ती ओ. संध्याकाळपर्यंत बदलून देते."

द्वारकाबाईंनी बाहेर पाहिलं. बाहेर चैत्रातलं लख्ख ऊन होतं. वाद न घालता साडी तिथंच टाकून त्या निघून गेल्या, आणि तेच दुर्गाबाईंना जास्त लागलं.

घनसावंगीच्या बसस्टँडमागे त्यांचं फॉल-पिकोचं दुकान एकोणीस वर्षांपासून होतं. त्यांचे यजमान मच्छिंद्र गेले ते लेक दुसरीत असताना. या मशीनवरच दुर्गाबाईंनी तृप्तीला वाढवलं, शिकवलं आणि मंठ्याला दिलं. त्यांच्या नजरेचा तालुक्यात दबदबा होता. साडी घरी विसरून आलेल्या बाईनं नुसतं "वांग्याच्या फुलाचा असतो तसला" म्हटलं, तरी दुर्गाबाई नेमकं रीळ काढून हातात ठेवत. आता त्या रिळाच्या बुडावरचे नंबर बघून काम चालवत होत्या. ते अंकही धूसर दिसत. सहाचा आठ झाला, की लालाचा हिरवा होई.

हे दुखणं त्यांनी औषध घेऊन आणलं होतं. तीन वर्षांमागं खोकला जाईना, वजन उतरलं, आणि तपासणीत टीबी निघाला. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण मग गोळ्या घेतल्या का विचारायला आशाताई दारात येणार, आणि गल्लीला काय, चघळायला आयतंच मिळणार. म्हणून त्या गुपचूप जालन्याला एका खाजगी डॉक्टरकडे जात राहिल्या. गोळ्या रिळांच्या रिकाम्या डब्यात ठेवत. सातव्या महिन्यात समोरचं धूसर दिसायला लागलं. त्यांनी डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर मान वर न करता म्हणाला, अशक्तपणा आहे, खात जा काहीतरी. आठव्या महिन्यात पुन्हा सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, कोर्स पूर्ण करा. त्यांनी तो इमानदारीनं पूर्ण केला. ज्या दिवशी शेवटची गोळी संपली त्या दिवशी सगळी फाइल, चिठ्ठ्या, बिलं, एकूण एक कागद त्यांनी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत जाळला. सुटले, असं वाटलं होतं त्यांना.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरनं रंग ओळखायचं ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. त्यातला एकही आकडा दुर्गाबाईंना सापडला नाही. "टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या का?" डॉक्टरनं विचारलं. त्यातल्या एका गोळीनं डोळ्याची शीर जाऊ शकते, तक्रार आल्याबरोबर ती थांबवायची असते, वेळेत थांबवली तर बऱ्याचदा सुधारतं. आता ते होणं अवघड होतं.

मग त्या वकील गाठायला गेल्या. वकीलबाईंचं नाव प्रीती. वयानं तृप्तीएवढीच, पण ऐकून घेणारी.

"कागद?"

"जाळले."

प्रीतीनं पेन खाली ठेवलं. जरा वेळानं पुन्हा उचललं. "डॉक्टरकडं नोंद असते, मावशी. लेखी मागितली की बहात्तर तासांत द्यावी लागते. मंग ग्राहक आयोगात तक्रार करता येते. डोळ्यांच्या डॉक्टरचं मत जोडू. पण मुदत दोन वर्षांची असते, त्यातलं बरंच सरलंय. आन जिंकूच असं मी म्हणत न्हाई."

"आजाराचं नाव लिवावंच लागंल का?"

"त्याच्याशिवाय केस कशाची?"

नोंद मागायला प्रीतीनं लिहून दिलेला अर्ज दोन महिने दुकानात नुसता घडी घालून पडला होता. त्या दिवशी द्वारकाबाई गेल्यावर दुर्गाबाईंनी फॉलची शिवण बोटांनी चाचपत उसवली. शेजारच्या दुकानातल्या अर्पिताला बोलावून लाल दोरा आणि लाल फॉल ओळखून घेतला, तो लावला आणि तृप्तीला फोन केला.

"आज गिऱ्हाईक न्हाई वाटतं," तृप्ती म्हणाली. या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नव्हतं. दुकानाचा सीझन आहे, असं आईनं कळवलं होतं, आणि सासूनं ते अजून पचवलेलं नव्हतं. लेकीनंही नव्हतं.

"तुला बाळंतपणाला काहून आणलं न्हाई, ते सांगायचंय."

"आता काय त्याचं. झालं ना."

"मला टीबी झाल्ता, तृप्ती. लेकराला लागंल म्हणून न्हाई आणलं."

पलीकडे नातू आर्यन भांडी आपटत होता.

"मला सांगायचं ना, आई," तृप्ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. दुर्गाबाईंनी डोळे मिटून घेतले. हे वाक्य ऐकायला त्या किती दिवस थांबल्या होत्या, हे त्यांनाही आत्ताच कळलं. मग त्यांनी डोळ्यांचं आणि केसचं सांगितलं.

"पण ते राहू दे," तृप्ती दबक्या आवाजात म्हणाली. "केस झाली की हितं कळंल. सासूबाई आर्यनला तुझ्या मांडीवर बसू देणार न्हाईत. डोळे थोडेच वापस येणार हायेत?"

"डोळे न्हाई येणार. पण मी डॉक्टरला सांगितलं व्हतं गं. दोनदा सांगितलं व्हतं. एवढं कुठंतरी लिहून पाहिजे मला."

"मंग थोडे दिवस इकडं येऊ नको, आई."

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या मशीनवर डोकं टेकून पोटभर रडल्या. दुकानात कुणी नव्हतं, त्यामुळे त्यात अडचण काही आली नाही.

सोमवारी त्या जालन्याच्या गाडीत बसल्या. त्या डॉक्टरचा दवाखाना भरलेला होता. काचेमागच्या मुलीला त्यांनी अर्ज दिला, त्याची पोच मागितली.

"कशाचे कागद पाहिजेत?"

दुर्गाबाई पुटपुटल्या.

"जोरात बोला मावशी, ऐकू येईना."

"टीबीचे," दुर्गाबाई म्हणाल्या. "दुर्गाबाई मच्छिंद्र शेळके. घनसावंगी."

मागची कुजबुज थांबली. मुलीनं अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारला. "डॉक्टरांना विचारावं लागेल. बसा."

त्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारच्या बाईनं लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, पदर नाकाला लावला आणि ती उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. पलीकडचे म्हातारबुवाही हळूच सरकले. दुर्गाबाईंना सांगता आलं असतं, की मी कधीची बरी झाले. त्याऐवजी शिक्क्याचा कागद नीट घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला आणि रिकाम्या बाकाच्या मधोमध, पाठ ताठ ठेवून, त्या आपलं नाव पुकारायची वाट बघत बसून राहिल्या.