तिसरी हाक

थायलंडमधल्या महाचायच्या कोळंबी सोलायच्या कारखान्यात तिला सगळे यिन थ्वे म्हणत, आणि ते तिचं नाव नव्हतं. खरी यिन थ्वे केव्हाच ब्रह्मदेशात परतून लेकराबाळांत रमली होती. जाताना तिनं आपलं कामाचं कार्ड हिच्या हातावर ठेवलं, जुनी छत्री शेजारणीला द्यावी तसं. फोटोतला चेहरा थोडाफार जुळत होता, आणि जिथं जुळत नव्हता तिथं मुकादम दुसरीकडे बघत होता. पुढं कार्डाची मुदत संपली, कार्ड हरवलंही. नाव मात्र अंगाला चिकटून राहिलं.

तिचं खरं नाव सेइन म्या. ब्रह्मदेशातल्या दवेकडच्या लाँगलोन गावची. हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं, एका खोलीत राहणाऱ्या, तिला मा थ्वे म्हणजे थ्वेताई म्हणणाऱ्या न्वे झिनलासुद्धा नाही. धाड पडली की पोलिसांपुढं नाव सांगताना जीभ अडखळता कामा नये, म्हणून तिनं स्वतःला असं घोटवून घेतलं होतं की झोपेतून उठवलं तरी ती यिन थ्वेच असे. पाठांतर चोख झालं. त्याची किंमत काय, ते तेव्हा कळलं नाही.

आणि मग सरकारनं जाहीर केलं, की ज्यांच्याकडं कागद नाहीत त्यांनी यावं, खरं नाव सांगावं आणि कामाचा परवाना घेऊन जावं. इतकी वर्षं कुठं होतात, असं कुणी विचारणार नाही. वस्तीत कुणाचा विश्वास बसेना. लांडग्यानं शेळीला जेवायला बोलावलंय, म्हातारे म्हणाले. पण गेलेल्या शेळ्या धडधाकट परत आल्या, गळ्यात कार्ड घालून, तेव्हा मग सगळेच निघाले.

अर्ज लिहून देणाऱ्या मुलानं नाव विचारलं तेव्हा न्वे झिन पुढच्या बाकावर होती. हिनं आवाज खाली घेऊन खरं नाव सांगितलं. खोट्या नावावर खरा परवाना घेऊन करायचं काय? जन्मतारीख विचारली तर तिला एवढंच माहीत, की वार मंगळवार होता आणि फणस पिकायला लागले होते. मुलानं हसत एक जानेवारी टाकली. सगळ्यांचीच तो एक जानेवारी टाकत होता. त्या हिशेबानं अख्खी कोळंबी-वस्ती एकाच दिवशी जन्मली होती, सुइणींचे काय हाल झाले असतील ते बुद्धच जाणे.

आज शेवटचा दिवस होता. परवान्याच्या कचेरीत नाव तीनदा पुकारणार. तिसऱ्यांदाही कुणी उठलं नाही तर तो अर्ज बाजूला, आणि संध्याकाळी खिडकी बंद. पुन्हा कधी उघडेल ते कुणी सांगत नव्हतं. तोवर पुन्हा धाडी, पुन्हा पाण्याच्या टाकीमागं दबा धरून बसणं. आता तिचे गुडघे तेवढे वाकत नव्हते.

दालनाच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. काढा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या माणसानं पॅगोड्यात शिरल्यासारख्या काढल्या, मागच्यांनी त्याचं बघून. शिपाई बिचारा त्या ढिगाकडं बघत डोकं खाजवत होता. ती अनवाणी आत गेली आणि जागीच थबकली. केवढी माणसं! एवढे सगळे लपलेले होते? कुठं मावले होते? प्रत्येकाच्या मांडीवर कागद, आणि कुणी कुणापासून तोंड लपवत नव्हतं. मधल्या वाटेनं एक पोलीस पाण्याच्या बाटल्या वाटत येत होता. त्यानं तिच्यापुढंही एक धरली. ज्या गणवेशाला बघून ती आयुष्यभर पळाली, त्याच्या हातचं पाणी तिनं दोन्ही हातांनी घेतलं. तिला ते पिववेना. डोळे भरून आले होते.

न्वे झिनचं काम सकाळीच झालं होतं. सोबतीला म्हणून ती थांबली होती, आणि थांबली म्हणजे बडबडत होती.

कर्ण्यातून दुभाष्याचा आवाज आला. "सेइन म्या."

कुणी उठलं नाही. हिनंही मान वळवून मागं बघितलं, कोण उठतंय म्हणून.

"सेइन म्या!"

"बघ, मा थ्वे," न्वे झिन म्हणाली, "सरकार हाका मारतंय आणि बाईसाहेब कुठंतरी ढाराढूर झोपल्यात. असल्यांना परवाना कशाला हवाय?"

"मिळेल गं तिला. भांबावली असेल," ती म्हणाली. त्या कुणा बाईची तिला खरोखर काळजी वाटली. शेवटचा दिवस, आणि हातातोंडाशी आलेला घास जाणार. तिनं मनातल्या मनात त्या बाईसाठी हातसुद्धा जोडले.

दुभाष्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. त्यालाही बहुधा दया आली असावी, कारण या खेपेला त्यानं खालची ओळही वाचली. "सेइन म्या. लाँगलोन गाव. ऊ टुन श्वे यांची मुलगी."

ऊ टुन श्वे. तिचा बाप. नारळाच्या झाडावर चढून वरून तिला हाक मारणारा, जाऊन कितीतरी वर्षं झालेला. त्याचं नाव परक्या सरकारच्या कर्ण्यातून, पुढं मानाचा ‘ऊ’ लावून, आदरानं घेतलं गेलं, आणि ते अख्ख्या दालनानं ऐकलं. बापाला नाव होतं, म्हणजे त्याच्या मुलीलाही होतं. ती उभी राहिली. मांडीवरची बाटली गडगडत गेली.

"तू कुठं निघालीस?" न्वे झिननं तिचं मनगट धरलं.

"मला बोलावलंय."

"तुला कुठं? ते त्या सेइन म्याला—"

"मीच ती."

न्वे झिनचा हात आपोआप सुटला.

खिडकीत दुभाष्यानं विचारलं, तीन हाका मारल्या बाई, इथंच होतात ना?

"इथंच होते," ती म्हणाली. "मीही वाट बघत होते, ती कधी उठतेय म्हणून."

त्यानं ते थाई भाषेत सांगितलं तेव्हा खिडकीतली अधिकारीण हसली नाही. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि ते नाव एकदा स्वतः उच्चारून बघितलं, हळू, नीट. मग फोटो झाला, गालांवरचा थनाखाच्या उगाळलेल्या सालीचा लेप पुसून. बोटांचे ठसे झाले. कार्ड हातात आलं तेव्हा ते अजून कोमट होतं, आणि चेहरा नि नाव दोन्ही एकाच बाईची होती.

बाहेर ती चपलांच्या ढिगाशी वाकून आपली जोडी शोधत बसली. दोन पावलांवर तोच पोलीस उभा होता. मागं दारातून न्वे झिन आली आणि, काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच, असं काहीबाही पुटपुटत राहिली. मग थांबली, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "मा सेइन म्या!"

आणि ती पहिल्याच हाकेला वळली.